सहा मीटरचा कठडा

सेकंदकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता बँकेतल्या कारकुनाशिवाय कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी वजनकाटे तपासायच्या सरकारी कार्यशाळेत काढली. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं फिरवतात, नाहीतर स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सल्ले देतात. काकांनी घोडे धरले. घोड्यावर ते जन्मात बसले नव्हते. ते घोडा बघायचे, तोही शर्यत होऊन गेल्यावर.

मागच्या खोलीत शिवणयंत्र बाजूला सारून त्यांनी कॉम्प्युटर मांडला होता. शर्यतीचं रेकॉर्डिंग लावायचं, घोड्याचं नाक उरलेलं अंतर दाखवणाऱ्या खांबाला लागलं की थांबवायचं, खाली दिसणारा चित्राचा क्रमांक वहीत टिपायचा. मग पुढचा खांब. एका सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे चारशे मीटरला साधारण सहाशे. मैदानाकडून शर्यतीची नुसती एकूण वेळ मिळे. कोण कुठे दमला, कोण कुठे अडकला, हे काका काढायचे. शर्यतीत बारा घोडे असतील तर बाराही घोडे, प्रत्येक टप्प्याला. जिंकलेल्याचे वेगळे लाड नाहीत आणि शेवटच्याला सुट्टी नाही.

"घोड्याचं चार शतांश सेकंदापर्यंत सगळं कळतं," बायको म्हणायची, "गॅस संपलाय हे मात्र मी सांगितल्यावर."

दर गुरुवारी या आकड्यांचं एक पान ते फोनवरून तीनशे लोकांना पाठवत. पैसे लावणारे लोक त्या पानाची वाट पाहत, कारण त्यात गप्पा नसत. अमक्या जॉकीने घोडा मुद्दाम ओढला, तमक्याने शर्यत विकली, असलं काका कधी लिहीत नसत. "मी वेळ सांगतो, मनातलं सांगत नाही," असं ते ऐटीत म्हणत.

आणि मग ती तपकिरी घोडी आली.

चार शर्यती काकांनी तिचे आकडे पाहिले होते. वळणावर ती अशी काही पळायची की काका खुर्चीतून अर्धवट उठायचे. पाचव्या शर्यतीत त्यांनी तिच्यावर नेहमीच्या दहापट लावले, बायकोला न सांगता. घोडी चौथी आली.

घरी येऊन पायातले बूटही न काढता त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आठशेच्या खांबापासून चारशेच्या खांबापर्यंत, म्हणजे सबंध वळणावर, घोडीला आधीपेक्षा अठ्ठावीस चित्रं जास्त लागली होती. एक सेकंदाहून जास्त! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकीच्या अकरा घोड्यांच्या वेळा त्यांनी त्या दिवशी काढल्याच नाहीत. पान लिहिलं आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, एक ओळ जोडली: 'जॉकीने घोडी वळणावर दाबून धरली. आकडे समोर आहेत.'

तीनशे लोकांनी ते पान आणखी किती जणांना पाठवलं, देव जाणे. शनिवारी ते घोडीच्या मालकाच्या फोनवर पोचलं. सोमवारी सकाळी ट्रेनरने जॉकीला तबेल्याच्या फाटकावरच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." चौकशी नाही, की एका शब्दाने विचारणं नाही. जॉकी चाळिशीला आला होता. त्याला घोड्यावर बसवणारा तेवढा एकच तबेला राहिला होता. ही बातमी काकांच्या कानावर आली तेव्हा ते म्हणाले, "करावं तसं भरावं." आणि चहा मागितला.

आठवड्याभराने, घोडी हरली त्याच दिवसाच्या एका वेगळ्या शर्यतीतला एक घोडा ते काढायला बसले. वळणावर सत्तावीस चित्रं जास्त. काकांनी चष्मा पुसला. दुसरा घोडा घेतला. अठ्ठावीस. मग त्यांनी त्या दिवसाच्या सातही शर्यती काढल्या. संध्याकाळपर्यंत ते जागचे हलले नाहीत. सगळेच घोडे तेवढेच मंद होते.

शेवटी त्यांनी त्या दिवसाचं शर्यतपत्रक शोधलं. तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात: 'आतला कठडा सहा मीटर बाहेर.'

आतलं गवत फार तुडवलं गेलं की कठडा बाहेर सरकवतात, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. खांब जागेवरच राहतात, पण वळण मोठं होतं. सहा मीटर बाहेर म्हणजे अर्ध्या वर्तुळावर एकोणीस मीटर जास्त पळायचं. एकोणीस मीटरला घोड्याला लागतो एक सेकंद आणि वर थोडं. अठ्ठावीस चित्रं. काट्याचं शून्य न बघता वजन करणाऱ्याला हेच काका कार्यशाळेत सगळ्यांसमोर फैलावर घेत असत.

त्यांनी घोडीच्या शर्यतीतले उरलेले अकरा घोडे काढले. वळणावर सगळ्यांत वेगवान तीच होती. तीही तीन घोड्यांच्या बाहेरून, लांबच्या वाटेने. जॉकीने तिला एकदाही आवरलं नव्हतं. त्या दिवशी मैदानावर त्याच्याइतकी चांगली शर्यत कुणीच काढली नव्हती.

खोलीत कुणी नसतानाही काकांनी खाली मान घातली.

बायकोला सगळं सांगावं लागलं, दहापटीसकट. त्यांनी दुरुस्ती लिहून तिला दाखवली: 'काही तांत्रिक कारणांमुळे मागील पानातील निष्कर्षांचा फेरविचार व्हावा.'

"अहो, चूक कुणाची?" तिने विचारलं.

"माझी."

"यात तर यंत्राची वाटते."

त्यांनी ते खोडलं. आधी ट्रेनरकडे गेले आणि तबेल्यात उभ्याउभ्याच वही उघडून सगळे आकडे दाखवले. ट्रेनरने वही मिटून परत दिली.

"काका, तुमच्या त्या ओळीवरून मालकाने माझं डोकं खाल्लं होतं."

"माझंच चुकलं. त्याला परत घ्या."

"घोडी रविवारी पळतेय. जॉकीचं वजन त्रेपन्न किलोच्या वर चालणार नाही. उद्या सकाळी काट्यावर त्रेपन्न दाखव म्हणावं, घोडी त्याची."

काका तिथून निघाले ते जवळजवळ धावतच. जॉकीच्या घराचे दोन जिने चढताना त्यांच्या मनात एक लाजिरवाणा विचार येऊन गेला: जॉकी आपले हात धरेल, म्हणेल, काका, तुम्ही होतात म्हणून.

दार जॉकीच्या बायकोने उघडलं. जॉकी जेवत होता. ताटात भाताचा ढीग होता आणि गाल भरले होते. काकांनी दारातच सगळं सांगून टाकलं: कठडा, एकोणीस मीटर, आपण न काढलेले अकरा घोडे, ट्रेनरचा निरोप. जॉकीचा हात ताटातच थांबला.

"त्रेपन्न?" तो म्हणाला. "काका, आज सकाळी सत्तावन्न होतो मी."

"दहा दिवसांत?"

"एकोणीस वर्षं अर्धपोटी राहिलो. हाकलल्यावर म्हटलं, आता कुणासाठी? पहिल्याच दिवशी तीनदा वाढून घेतलं."

"एका रात्रीत चार किलो... पूर्वी करायचात ना तुम्ही लोक? घाम काढून?"

"पूर्वी," मधेच जॉकीची बायको म्हणाली. "मागच्या वेळी हे न्हाणीघरात पडले होते. मी नाही करू देणार. तुमच्या वहीत बसत नसेल ते."

जॉकी तिच्याकडे पाहून हसला, मग काकांकडे वळला. आवाज चढलेला नव्हता. "एवढी चित्रं मोजलीत. एक फोन केला असतात तर मी सांगितलं असतं, त्या दिवशी कठडा बाहेर होता. आम्ही पहाटेच जाऊन बघतो." आणि बायकोला म्हणाला, "काकांना पाणी दे गं."

तिने दिलेलं पाणी काकांना पिववेना, आणि तसंच ठेवून उठण्याची हिंमतही होईना.

त्या गुरुवारी पान गेलं ते असं: 'जॉकीवर मी केलेला आरोप खोटा होता. कठडा सहा मीटर बाहेर होता, मी पत्रक वाचलं नाही. मी त्या घोडीवर मोठी रक्कम हरलो होतो, त्या रागात इतर घोडे काढले नाहीत. वळणावर ती सर्वांत वेगवान होती आणि त्याचं श्रेय जॉकीचं. माझ्यामुळे त्याचं काम गेलं. मी त्याची माफी मागतो.' आणि खाली बाराही घोड्यांचे आकडे.

रविवारी दुसरा जॉकी बसला आणि घोडी सहज जिंकली.

संध्याकाळपासून काकांचा फोन थांबेना. 'काका, काय टिप दिलीत!' 'माफीच्या आडून खबर, मानलं तुम्हाला!' 'सर्वांत वेगवान, वाचलं आणि डोळे मिटून लावले.' एकाने तर पेढ्यांचं चित्र पाठवलं. जॉकीबद्दल एकानेही काही विचारलं नव्हतं.

"एवढं कोण बोलतंय?" बायकोने आतून विचारलं.

"लोक. शाबासकी देतायत."

"कशाची?"

काकांनी फोन पालथा ठेवला. तो टेबलावर थरथरत पुन्हा पुन्हा कडेला सरकत होता, आणि ती बाहेर येऊन समोर उभी राहिली तरी त्यांना तिच्याकडे वर बघता आलं नाही.