एकाहत्तर तुकडे

स्टुडिओत सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा आणि मालक तो होता. निदान पाटीवर तरी. घरातले सगळे त्याला डायरेक्टर म्हणायचे. आधी थट्टेने, पण थट्टा त्याला कधी कळलीच नाही, म्हणून तेच नाव पडलं.

स्टुडिओ मुळात वहिनीच्या नवऱ्याचा. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला, तेव्हा त्याने बायकोला शेजारी बसवून एडिटिंग शिकवलं. एकेचाळिसाव्या वर्षी ती शिकली आणि वर्षभरात त्याच्याहून बारीक काम करू लागली. शूटिंग डायरेक्टर बघायचा. बघायचा म्हणजे गळ्यात ओळखपत्र अडकवून पाहुण्यांमध्ये मिरवायचा.

आता काही घडणार नाही असं वाटलं की तो कॅमेरा बंद करायचा. पुढे काय घडणार हे त्याला आधीच कसं कळायचं, देव जाणे. दुसरे दोघे कॅमेरामन त्याच्याच तालमीतले, त्यामुळे तो थांबला की तेही थांबायचे. तिन्ही कॅमेरे सलग चालले असते तर एका टाळीच्या आवाजावर एकदा जुळवले की काम झालं असतं. पण असं तोडून तोडून आणलेलं चित्रण म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा ऐकायचा आणि आवाजावरून त्याची जागा शोधायची. त्यात तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवणार. वहिनीने सांगून सांगून जीभ झिजवली. बॅटरी वाचते, एवढंच त्याचं उत्तर.

एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, त्या समारंभाचे एकाहत्तर तुकडे आले. वहिनीने हट्टाने भाषणाच्या टेबलावर ठेवायला लावलेला छोटा रेकॉर्डर मात्र अडीच तास सलग चालला होता. तो बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या आवाजाखाली एकेक तुकडा लावत चौथ्या दिवशी ती मुख्याध्यापिकांच्या भाषणाशी आली, आणि तिथे सहा मिनिटं चित्रच नव्हतं. दोन कॅमेरे बंद. तिसरा डायरेक्टरचा, तो तेवढा वेळ प्रमुख पाहुण्यांना निरोप देत अंगणात त्यांची मोटार टिपत होता.

आवाज मात्र स्वच्छ होता. मुख्याध्यापिकांनी शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंना व्यासपीठावर बोलावलं होतं. नऊ वर्षांपूर्वी चांदीचा करंडक हरवला तेव्हा आपण यांच्यावर आळ घेतला, करंडक पुढे आपल्याच कपाटामागे सापडला आणि आपण गप्प बसलो, असं त्या भरल्या सभेत सांगत होत्या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि झाडलोटीच्या बाईंचं एकच वाक्य.

"हे तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई."

वहिनीने ते तीनदा ऐकलं आणि दिराला हाक मारली. त्याने उभ्याउभ्याच ऐकलं.

"एवढंच ना? टाळ्यांचे शॉट टाका, वर संगीत चढवा. कुणाला कळतंय, वहिनी?"

"ज्यांना ते ऐकायचं होतं, त्यांना कळेल, भाऊजी."

त्यावर तो म्हणाला की शाळेच्या अध्यक्षांनाही ते प्रकरण नकोच आहे. अध्यक्षांचं स्वतःचं भाषण चौदा मिनिटांचं होतं; त्यातलं एक अक्षर त्यांना कापायचं नव्हतं.

वहिनीने सहा मिनिटं पडदा काळा ठेवला आणि आवाज जसाच्या तसा सोडला. डायरेक्टरने ती प्रत बाजूला ठेवली आणि आपली कला दाखवायला स्वतः बसला. आवाज कापला, पण त्यामुळे पुढचा सगळा आवाज सहा मिनिटं अलीकडे सरकला आणि त्याखालचं चित्र जिथल्या तिथे राहिलं. अध्यक्ष आभार मानू लागले तेव्हा पडद्यावर मोटारीचं दार बंद होत होतं. शेवटच्या गाण्याला तर अध्यक्षांचंच तोंड हलत होतं. हा ऐवज त्याने न बघता शाळेत पाठवला. अख्ख्या शिक्षकवर्गाने तो एकत्र बसून बघितला आणि हसून हसून पोट धरलं. अध्यक्ष हसले नाहीत.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिका स्वतः स्टुडिओत आल्या. डायरेक्टर यंत्रातल्या बिघाडाबद्दल सांगत राहिला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. वहिनीला विचारलं, माझं बोलणं कुठे आहे? वहिनीने काळ्या पडद्याची प्रत लावली. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, आणि ते एक वाक्य आल्यावर मान खाली घातली. मग दोन प्रती मागितल्या. एक त्या बाईंच्या घरी मी स्वतः नेऊन देईन, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी वहिनीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डाव्या हाताने कपाळ चोळत म्हणाला, "मीच त्याच्या हातात कॅमेरा दिला." तिने ते खोडून काढलं नाही.

पुढच्या कार्यक्रमापासून एक कॅमेरा तिपाईवर सलग चालू राहू लागला, कारण वहिनी आता स्वतः त्याच्यामागे उभी राहते. डायरेक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की ही पद्धत त्याने शोधून काढली. ती ऐकते आणि आपलं काम करत राहते. त्याच्याशी वाद घालावा एवढी किंमत तिने त्याला कधीच दिली नाही.