भाऊसोची करंगळी

भाऊसो गेला. पलूसजवळच्या नदीकाठच्या त्याच्या गावाबाहेर ही बातमी कुणाला कळलीही नसेल. तो कलावंत नव्हता. लग्नात, जत्रेत कर्णे बांधणारा स्पीकरवाला. पण माझी कितीतरी नाटकं त्या गावाला त्याच्याच कर्ण्यांतून ऐकू गेली. एवढं लिहिण्याचं तरी मी त्याचं देणं लागते.

नाटकाआधी गर्दी जमावी म्हणून तो एका जुन्या तमाशापटाची तबकडी लावायचा. पडद्यामागे तोंडाला रंग लावत आम्ही ऐकायचो. तिच्यातल्या लावणीत ‘उंबऱ्यात थांबा की’ या ओळीवर चरा पडला होता. पिन तिथं अडकायची. ‘थांबा की, थांबा की...’ भाऊसोचा उजवा हात आवाजाच्या बटणावर असायचा. डाव्या हाताच्या करंगळीनं त्यानं पिनेला टिचकी मारली, की गाणं पुढे. पण लगेच मारेल तर तो भाऊसो कसला! सगळा मांडव ओरडून साथ देईपर्यंत करंगळी नुसती वर धरून ठेवायचा. लग्नात हीच तबकडी लागली, की वरातीतली पोरं तेवढ्यात गिरक्या घ्यायची. गाणं असंच आहे, अशी साऱ्या गावाची समजूत होती.

महापुरात त्याच्या घराचा माळा कोसळला आणि तबकडीचे तुकडे झाले. पुढे त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्याची बायको मनुबाई फोनवर म्हणाली, ‘‘बाई, डोळं उघडं असत्यात, पर मला वळखत न्हाईत. एकदा वळीखलं, की मग काय बी हुंदे.’’

यंदा तीच तबकडी कंपनीनं नव्यानं काढली. सांगलीत विष्णुपंतांच्या घरी आम्हा जुन्या गाण्यांच्या वेड्यांची बैठक भरते. तिथं रणधुमाळी माजली.

‘‘ढोलकी धुऊन वाळत घातलीय हो कुणीतरी!’’ विष्णुपंत कडाडले. ‘‘जुनीत कातड्याचा वास यायचा.’’

‘‘तो तुमच्या खोलीचा असेल,’’ दीपमाला म्हणाली. ‘‘मला तुणतुणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. आणि मागं गाणाऱ्या बायकांची नावं छापलीत या खेपेला. जुन्या वेष्टनावर होती का?’’

‘‘पण वेष्टन लाल होतं. हे गुलाबी केलंय,’’ सुमंत कुरकुरला.

माझं लक्ष भाऊसोकडे लागलं होतं. मी विष्णुपंतांकडे तबकडी मागितली, वाजवायचं यंत्रही मागितलं.

‘‘न्या. पण तिला बोटं लावू नका हं कुणी!’’

भाऊसो खाटेवर पडून होता. एरवी मला पाहताच ‘‘काय नटी, घसा धुतला का?’’ म्हणून ओरडणारा माणूस आढ्याकडे बघत राहिला. मी तबकडी लावली. ढोलकी कडाडली, तशी गोधडीवरची बोटं हलली. मनुबाईनं माझा दंड घट्ट धरला.

‘‘आवं, आइकत्यात की!’’

ओळ जवळ आली. डावा हात हळूहळू वर उठला. करंगळी ताठ झाली. ‘उंबऱ्यात थांबा की...’ आणि पिन सरळ पुढच्या ओळीवर निघून गेली.

हात तसाच अधांतरी राहिला. एन्ट्री चुकलेल्या नटासारखे त्याचे डोळे घाबरेघुबरे फिरले. मग त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

‘‘बंद करा त्ये,’’ मनुबाई म्हणाली. ‘‘हितं अडाकतंय गानं. कंपनीनं बिगडवलंय.’’

चूक कुणाची, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी पिन उचलली.

मनुबाई खाटेच्या कडेला टेकली. चारचौघांत कधी तोंडातून सूर न काढलेली बाई, फाटक्या आवाजात ती लावणी म्हणू लागली. ओळीपाशी आली आणि अडकली. ‘‘थांबा की... थांबा की... थांबा की...’’ डोळे त्याच्या हातावर. दम लागला, खोकला आला, तरी पुढची ओळ घेईना. मी म्हटलं, ‘‘मनुबाई, पुरे.’’ तिनं नुसती मान हलवली.

भिंतीकडचं तोंड वळलं. गोधडीतून हात निघाला, तिच्या मनगटापाशी आला आणि करंगळीची टिचकी तिच्या बांगडीवर बसली.

‘‘वळीखलं,’’ ती माझ्याकडे बघून म्हणाली.

पुढची ओळ मात्र तिला म्हणता आली नाही.