शेवंताबाईंचा गुरुवार

मंडळी, आज आमच्या सावली गावच्या वाचनालयात आमच्या वाचकमंडळाची नागपूर सहल ठरली. सकाळी संग्रहालय, दुपारी एका जुन्या कवीचं घर. वार रविवार. संस्कृतचा मास्तर म्हणून मुहूर्त मीच काढला.

शेवंताबाई तलावातली मासोळी विकतात आणि मंडळात सगळ्यांत जास्त वाचतात.

"मले जमत नाई जी भाऊ. रविवारी तुमीच मासोळी मांगता. मी रिकामी सोमवारी."

सोमवारी संग्रहालय बंद!

"एक रविवार आम्ही वरणभात खाऊ, बाई."

"अन् बाकीची सावली?"

शेवटी गुरुवार ठरला. त्या दिवशी अर्धं गाव मासोळीला शिवत नाही.

बाई खुलल्या. "कवीचं घर आतून पाहू देतेत ना?"

रजेच्या अर्जात मी खरं कारण लिहिलंय: गुरुवारी मासोळी खपत नाही. मुख्याध्यापक मंजूर करतील ना?