खिडकीकडचा स्पीकर

फोनवर आमचे एक ग्राहक, सावंतकाका, तेच पुन्हा सांगत होते. डावीकडचा स्पीकर दबल्यासारखा वाजतोय. आमचे बॉस मेहता सर शेजारीच उभे होते. "एज का प्रॉब्लेम है," ते हळूच म्हणाले, "प्यार से समझा दो."

मला ते पटलं नाही. मी ऑडिओफाइल लोकांसाठी, म्हणजे डोळे मिटून तासन्‌तास गाणं ऐकणाऱ्यांसाठी, स्पीकर डिझाईन करते. ही माणसं खुसपटं काढतात, पण उगाच नाही. आवाज मोजायचा माईक उचलला आणि पेणकरपाड्याला त्यांच्या घरी गेले.

काका मूळचे रत्नागिरीचे, जहाजावर इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर हा एकच शौक. चहा येईपर्यंत खरी गोष्ट बाहेर आली. मुलगा म्हणत होता, बाबा, स्पीकर ठीक आहे, इंजिनरूमनं तुमचा डावा कान खाल्लाय. काकांनाही तीच भीती होती, म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळत होते. मला वाईट वाटलं आणि रागही आला. दोष शोधणं आमचं काम, आणि आम्ही तो त्यांच्या वयावर ढकलून मोकळे होत होतो.

"काका, स्पीकरकडे पाठ करून बसा," मी म्हटलं. "आता खिडकीकडचा, म्हणजे तुमचा डावा स्पीकर उजव्या कानाला येईल. दोष कानात असेल, तर आता दुसरा, कपाटाकडचा दबलेला वाटेल."

ते लगेच बसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, मग बसले. मी गाणं लावलं.

"खिडकीकडचाच," ते म्हणाले. "मॅडम, अजून खिडकीकडचाच दबलाय."

म्हणजे कान निर्दोष. आता माझ्या स्पीकरची पाळी.

दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली, फरक नाही. माईक लावला. ट्वीटर, म्हणजे झांजेसारखे बारीक आवाज काढणारा भाग, मंद पडला होता. पुढची कापडी जाळी काढली. ट्वीटरवर रेशमी कापडाचा छोटासा घुमट असतो, तो थरथरला की आवाज निघतो. त्याच्या मधोमध वाळलेलं हळदकुंकू होतं आणि त्यात चिकटलेल्या अक्षता. एवढं ओझं घेऊन तो बिचारा थरथरणार कसा?

काकींना बोलावलं. त्यांना यात काहीच वावगं दिसेना.

"नवीन वस्तू घरात आली, पूजा नको का? कापडाला डाग पडेल म्हणून जाळी काढून आत लावलं."

"मग दुसऱ्याला का नाही लावलं?" काकांनी विचारलं.

"जोडी आहे ना ती? एकाला लावलं की दोघांना पोचतं."

काकांनी आधी मुलाला फोन लावला. "माझा कान ठणठणीत आहे," ते म्हणाले, "बाकीचं तुझ्या आईला विचार."

कुंकू रेशमावरून निघत नाही, म्हणून नवा ट्वीटर आणून बसवला. काकी लगेच कुंकवाचा करंडा घेऊन हजर. मी त्यांना स्पीकरची लाकडी पाठ दाखवली.

तेव्हापासून तक्रार आली की मी ग्राहकाचं वय विचारत नाही. पूजा झाली का आणि नेमकी कुठे, ते विचारते.