जंतूबाईंचं अर्धं वाक्य

जंतूबाई वाक्य अर्ध्यात थांबवून चष्मा पुसायच्या. काचा ओढणीने सावकाश पुसून होईपर्यंत समोरच्याने ताटकळायचं. मी मध्येच तोंड उघडलं की ऐकवायच्या, "अर्ध्यावर पळू नको गो. खरी गंमत पुढेच असते."

‘जंतूबाई’ हे नाव आमच्या चारकोपच्या सोसायटीने ठेवलेलं. पवईच्या प्रयोगशाळेत बाई कुत्र्यांना आणि माणसांना, दोघांनाही होणाऱ्या जंतूंचे जीनोम शेजारीशेजारी लावून बघायच्या. मी त्यांच्या हाताखाली होते. "ही जंतूंची भावकी," म्हणायच्या. "कोण कोणाच्या घरातून आलं, सगळं कळतं."

गेटवरचा काळ्या कुत्रा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. एकदा आमच्या सेक्रेटरींच्या पायाला गळवं आली आणि नेमका त्याच वेळी काळ्याचा कानही पिकला. सेक्रेटरींनी ठरवूनच टाकलं, कुत्रा हटवायचा. "आधी तपासू तर द्या," म्हणत बाईंनी दोघांचा पू तपासायला नेला.

सोसायटीच्या मीटिंगला बाई उभ्या राहिल्या. "दोन्हीकडचा जंतू एकच आहे," म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढला.

"झालं! ऐकलंत ना सगळ्यांनी?" सेक्रेटरी ओरडले.

मग जो गलका झाला! "पण तो मूळचा माणसांतला आहे. काळ्याला आपल्याकडून लागलाय," हे बाईंचं पुढचं वाक्य शेजारी बसलेल्या मलाच तेवढं ऐकू आलं. मी घसा फोडून तेच सांगत होते. "सोड ना यार, झालं ना प्रूव्ह," म्हणत लोक चपला घालत होते.

सकाळी काळ्या गेटवर नव्हता. टेम्पोत घालून कुठे नेऊन सोडला, कोणी सांगेना. बाई गोराईपर्यंत हाका मारत फिरल्या. या शिकल्यासवरल्या माणसांची मला तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही.

काही महिन्यांनी सेक्रेटरी लंगडत बाईंच्या दारात आले. "मॅडम, कुत्रा तर गेला ना? मग हे गळू परत कसं?"

बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. जंतू घरातल्याच कोणाच्या तरी नाकात असेल, सगळ्यांनी डॉक्टरांना दाखवा, हेही सांगितलं. हात चष्म्याकडे गेलाच नाही.

"मग हे तेव्हाच नाही का सांगायचं?" सेक्रेटरी म्हणाले.

बाई आता कुडाळला भावाकडे असतात. फोनवर भरभर बोलतात. पूर्वीसारख्या मध्येच थांबतील या आशेने मी गप्प राहून बघते. "आहेस ना गो?" विचारतात, आणि उत्तराला न थांबता फोन ठेवून देतात.