सूक्ष्मदर्शकावरचं कुंकू

औरंगपुऱ्यात घड्याळाच्या दुकानावर कडुबामामांची एक खोली आहे. तिथं ते सूक्ष्मदर्शक दुरुस्त करतात. शहरातल्या निम्म्या कॉलेजांची यंत्रं त्यांच्या हातून गेलीत.

मी तनुजा. प्रयोगशाळेत पेशी वाढवते. माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला पेशींचे फोटो काढायचे होते. तीन आठवडे लेकरासारख्या जपलेल्या पेशी! एक दिवस उशीर झाला की त्या एकमेकींवर चढतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. कॅमेरा लावला, तर पडद्यावर सगळं धुरकट. बघते तर दिव्याच्या दांड्याला हळदकुंकू!

आमच्याकडं साफसफाईला वच्छलामावशी येतात. मी त्यांना नको नको ते बोलले. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. मग मी मामांना फोन केला.

मामा स्कूटरवर लगेच आले. बाटलीच्या तळाशी चिकटलेल्या पेशी बघायच्या, म्हणून हे यंत्र उलटं असतं. दिवा वर, भिंग खाली, तोंड आभाळाकडं. वाळलेलं कुंकू थेट भिंगावर पडलं होतं. मामांनी आधी हवेनं ते उडवलं, मग ओल्या कागदानं अलगद पुसलं. हात जरासुद्धा हलला नाही. मी विचारलं, तर म्हणाले, लहानपणी मेंढ्यांच्या खुरातले काटे काढायचो, हात हलला की लाथ बसायची. भिंग तर लई गरीब जनावर.

पडद्यावर पेशी लख्ख दिसल्या. मी आनंदानं टाळ्याच पिटल्या.

मामांनी मात्र हत्यारांची डबी बंद केली आणि खाली बघत म्हणाले, "ताई, मावशींना बोलू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, मी दुरुस्त केलेल्या सगळ्या यंत्रांची पूजा करत फिरतो. ते बोट माझं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मावशींना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं, तर गप्प का बसलात?

"तुमचा राग घंटाभरात उतरतो," मावशी म्हणाल्या. "मामांचं नाव सांगितलं असतं आणि त्यांचं येणंच बंद झालं असतं तर?"

मी दोघांची माफी मागितली. त्या दिवशीचे सगळे फोटो झकास आले.

यंदा खांडेनवमीला मामा आले ते रिकाम्या हातांनी, दारातच घुटमळत. मी त्यांना हाताला धरून आत आणलं. मावशींनी कुंकवाची वाटी आधीच काढून ठेवली होती. यंत्रावर त्यांनी झाकण घातलं आणि कुंकू लावलं ते मामांच्या कपाळाला.