गहिनीनाथचा शुद्ध कर्नल

पाथर्डीच्या एसटी स्टँडामागे गहिनीनाथचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. म्हणजे दिवाळीपर्यंत आहे. दिवाळी झाली की त्याला कुलूप लागतं आणि नवराबायको दोघं देवळाली प्रवराकडे ऊस तोडायला जातात. मुकादम आप्पासाहेब माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपं, त्यामुळे एकाला मागे राहण्याची सोय नाही.

यंदा मात्र मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली. गहिनीनाथची बायको पुष्पावती बारावी पास, हाताला चव, कागदपत्रं चोख. ती जागा मिळाली असती तर कोयता आढ्यालाच राहिला असता. अर्ज ऑनलाइन होता आणि दुकान घरचंच, त्यामुळे बिचारी निर्धास्त होती.

पण गहिनीनाथ म्हणजे काही साधासुधा दुकानदार नव्हे. शेजारच्या दुकानातला अमृत चारचौघांसारखा कॉम्प्युटर वापरतो. आमच्या या थोर पुरुषाचा विंडोजऐवजी लिनक्सवर चालतो, आणि तोही असा की सगळं मूळ कोडपासून स्वतः बांधायचं. भूक लागली की आधी चूल घालायला बसायचं, त्यातला प्रकार. त्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा बांधायची त्याला हुक्की आली. पॅकेजं तीन होती. एक मूळ कोडचं, कुणी हात न लावलेलं. दुसऱ्यात सिस्टीमवाल्यांनी दुरुस्त्या घातलेल्या. तिसरं आधीच जुळवून, तपासून ठेवलेलं, नुसतं बसवायचं. यातलं कुठलं घ्यावं, यावर महाराजांनी वीस दिवस घालवले. गिऱ्हाईक सातबाऱ्यासाठी ताटकळायचं आणि हे नेटवर परदेशातल्या लोकांची त्यावरची भांडणं वाचत बसायचे.

"तिसरं घ्या की," पुष्पावती म्हणाली. "लोकांनी वापरून पाह्यलेलं हाय. आन आधी माझा अर्ज भरा."

"तुला न्हाई कळायचं. त्यात लई भरताड अस्तंय. आपल्याला शुद्ध पायजे. नवा कर्नल बसू दे, पहिला अर्ज तुझाच भरतो."

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला; मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच दिवशी सकाळी महाराजांचा निर्णय झाला: मूळ पॅकेज! मग त्यांनी यादी उघडून एकेक 'फालतू' ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग ओळखून चालवणारा तुकडा, काढून टाकला. नव्याला जागा पुरेना म्हणून जुना, चालता कर्नलही पुसला. बांधणी साडेतीनला संपली. पुष्पावती ठेवणीतली साडी नेसून खुर्चीवर बसली होती. गहिनीनाथने उदबत्ती लावली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या. डिस्क सापडत नाही. फालतू म्हणून काढलेल्यांत डिस्कचाच ड्रायव्हर होता. शुद्धता इतकी, की यंत्राला स्वतःचं पोट ओळखू येईना.

"अमृतकडं जाऊ का?" पुष्पावतीने विचारलं. कागद पिशवीत होते, अमृतचं दुकान दहा पावलांवर.

"नवऱ्याचं दुकान असताना बायको शेजाऱ्याकडं अर्ज भरती? लोकं तोंडात शेन घालतील. पाच मिनिटं थांब."

आणि ती थांबली! मला तिचाही राग येतो. नवऱ्याची लाज राखायला ती सव्वा तास त्या काळ्या पडद्यासमोर बसली. पाचला दहा कमी असताना मात्र ती न विचारता उठली. अमृतने भराभरा अर्ज भरला, पण फोटो चढत असतानाच मुदत संपली.

दिवाळीनंतर आप्पासाहेबांचा ट्रक आला. बोचक्यांवर बसून गहिनीनाथ तळहातावर बोटाने आकृती काढत चूक कुठे झाली ते समजावत होता. दुसरं पॅकेज घेतलं असतं तर काय, तिसरं घेतलं असतं तर काय. पुष्पावतीने सगळं ऐकून घेतलं.

"जुना कामून पुसला?"

"जागा न्हवती."

"पर चालत हुता ना?"

गहिनीनाथचं बोट तळहातावर थांबलं. "व्हय," तो म्हणाला. "चालत हुता."

पुष्पावतीने मांडीवरचा कोयता उचलून त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.